बेल्जियम फुटतो आहे, हे कुणी सांगितले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला बेल्जियमवरचा लेख वाचला. ज्या पक्षाच्या नियमावलीत पहिलेच कलम स्वतंत्र फ्लँडर्सचे, म्हणजे उत्तरेकडचा डच भाषक प्रदेश वेगळा करण्याचे आहे, त्याचा नेता बार्ट डे वेव्हर देशाचा पंतप्रधान झाला, तेव्हा देश आता मोडीत निघाल्यातच जमा, असा लेखाचा सूर आहे. लेखकाने मेहनत घेतली आहे हे दिसते. पण इथे राहणाऱ्या माणसाला हा निष्कर्ष पटणार नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून ‘पुढच्या निवडणुकीनंतर बेल्जियम शिल्लक राहत नाही’ हे ऐकते आहे. असे सांगणारे कितीतरी पुढारी निवृत्त होऊन घरी बसले, देश मात्र जागच्या जागी आहे.

मी व्हिलव्होर्डेला राहते. ब्रुसेल्सच्या उत्तरेला, हद्दीला लागूनच. गाव फ्लँडर्सचे, त्यामुळे नगरपालिकेचा सगळा कारभार डचमध्ये. नोकरी मात्र ब्रुसेल्समधल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे डच आणि फ्रेंच दोन्ही भाषा चालवाव्या लागतात आणि परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवले की पगारात भाषाभत्ता मिळतो. रोज सकाळी रेल्वेने निघायचे आणि चहाचा पेला रिकामा व्हायच्या आत भाषेचा कायदा बदलायचा, अशी सगळी नोकरी गेली.

याच मार्गावर २०२४ च्या अखेरीस एक प्रकरण घडले. तिकीट तपासनीसाने डब्यात शिरताना डच आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत ‘सुप्रभात’ म्हटले. गाडी तेव्हा व्हिलव्होर्डेच्या आसपास, म्हणजे अजून फ्लँडर्सच्या हद्दीत होती. एका प्रवाशाने भाषाविषयक कायम आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने नियम तपासले आणि तक्रार ग्राह्य धरली, कारण दोन्ही भाषा वापरायची मुभा ब्रुसेल्सची हद्द लागल्यावर मिळते, तोवर फक्त डच. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी हसण्यावारी नेली. मलाही हसू आले, पण माझ्या शेजारच्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंना आले नाही. त्यांच्या वडिलांना न्यायालयात स्वतःच्याच खटल्यातले निम्मे बोलणे कळले नव्हते, असे त्या सांगतात.

हा इतिहास लेखात दोन ओळींत उरकला आहे, म्हणून थोडे लिहिते. १८३० मध्ये हा देश झाला आणि १८३१ मध्ये राज्यघटना आली ती फ्रेंचमध्ये. डच बोलणारे संख्येने जास्त होते, तरी सैन्य, न्यायालय, विद्यापीठ सगळीकडे फ्रेंच. कायद्यांच्या डच मजकुराला बरोबरीचा दर्जा मिळाला १८९८ मध्ये. गेंटचे विद्यापीठ पूर्ण डच झाले १९३० मध्ये. आणि खुद्द राज्यघटनेचा अधिकृत डच मजकूर यायला १९६७ साल उजाडले. देशातल्या बहुसंख्य लोकांना आपल्या घटनेसाठी एकशे छत्तीस वर्षे थांबावे लागले. हे लक्षात घेतल्याशिवाय डब्यातल्या त्या तक्रारीमागचा राग समजणार नाही. त्या प्रवाशाची बाजू मी घेत नाही, माझ्या मते तो हटवादीपणा होता. पण हटवादीपणालाही वंशावळ असते.

दुसरी गोष्ट जनगणनेची. इथे पूर्वी जनगणनेत घरची भाषा विचारत आणि आकडे बदलले की गावाची भाषाही बदले. १९४७ च्या जनगणनेचे भाषेचे आकडे इतके स्फोटक होते की ते जाहीर व्हायला १९५४ उजाडले. त्या आकड्यांच्या आधारे एव्हरे, गान्सहोरेन आणि बेर्कम ही तीन गावे ब्रुसेल्सच्या द्विभाषिक भागात गेली. पुढच्या जनगणनेच्या वेळी फ्लँडर्समधल्या अनेक नगराध्यक्षांनी भाषेचा प्रश्न असलेले अर्ज वाटायला नकार दिला. १९६१ मध्ये तो प्रश्नच कायद्याने काढून टाकला. तेव्हापासून आजवर या देशात किती लोक कोणती भाषा बोलतात हे सरकारने अधिकृतपणे मोजलेले नाही. १९६२ च्या कायद्याने नकाशावर रेघ ओढली, १९६३ पासून ती लागू झाली, आणि भाषा माणसाकडून काढून जमिनीला चिकटवली गेली. रेघेच्या वर डच, खाली फ्रेंच, पूर्वेच्या टोकाला थोडे जर्मन आणि मध्ये ब्रुसेल्स तेवढे दोन्हींचे. म्हणूनच महामार्गावरच्या पाट्यांवर मोंस शहराचे बेर्गेन होते आणि लीजचे लाइक. नवख्या माणसाची गाडी हमखास चुकते. आमच्या पाहुण्यांपैकी निदान निम्मे तरी आयुष्यात एकदा नको त्या दिशेला गेलेले आहेत.

ल्यूव्हेनचे प्रकरण तर घरमालकीणबाईंच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की मीच तिथे होते असे वाटते. १४२५ मध्ये स्थापन झालेले कॅथलिक विद्यापीठ. शहर फ्लँडर्समध्ये, विद्यापीठाची निम्मी बाजू फ्रेंच. १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ‘वालोन बाहेर व्हा’, म्हणजे दक्षिणेकडच्या वॉलोनियातले फ्रेंच भाषक बाहेर व्हा, म्हणत डच भाषक विद्यार्थी रस्त्यावर आले आणि पॉल व्हांडेन बोइनांट्स यांचे सरकार पडले. फ्रेंच बाजूसाठी पंचवीसेक किलोमीटरवर, रेघेच्या खाली, शेतात एक नवे शहर वसवावे लागले. त्याचे नाव लुव्हाँ-ला-नव्ह, म्हणजे नवे ल्यूव्हेन. ग्रंथालयसुद्धा वाटून घेतले. विषम क्रमांकाची पुस्तके इकडे, सम क्रमांकाची तिकडे, असे इथे सगळे सांगतात. बाईंचे थोरले भाऊ तिकडे शिकवायला गेले, त्या इकडे राहिल्या. सणाला भेटत. कोणत्या भाषेत बोलायचे हा वाद जेवणाच्या टेबलावर कधी झाला नाही, असे त्या मुद्दाम सांगतात. त्यावर माझा पुरता विश्वास नाही.

त्यानंतरच्या दहा वर्षांत सगळे जुने पक्षही भाषेवर दुभंगले. ख्रिश्चन लोकशाहीवादी १९६८ मध्ये, उदारमतवादी १९७२ मध्ये आणि समाजवादी १९७८ मध्ये. देश एक, पण देशभराचा पक्ष जवळजवळ नाही. आजही दोन्हीकडे एकाच नावाने लढणारा, म्हणावा असा, एक डावा कामगार पक्षच आहे.

१९७० पासून राज्यघटनेत सहा मोठे फेरबदल झाले. शिक्षण, संस्कृती, रस्ते, उद्योग, घरबांधणी असे एकेक खाते ब्रुसेल्समधल्या केंद्राकडून प्रदेशांकडे आणि भाषिक समुदायांकडे गेले. १९९३ मध्ये बेल्जियम संघराज्य असल्याचे घटनेच्या पहिल्या कलमातच आले. शेवटचा फेरबदल २०१२ ते २०१४ मधला. त्यात मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्तासुद्धा प्रदेशांकडे गेला. माझ्या दोन भाच्यांची मुले एकाच वयाची आहेत, एक फ्लँडर्समधल्या गेंटला आणि एक वॉलोनियातल्या नामूरला. त्यांना मिळणारी रक्कम वेगळी, नियम वेगळे. तर संपादकसाहेब, फूट म्हणायची असेल तर ती गेली पन्नास वर्षे हप्त्याहप्त्याने, रीतसर मतदान घेऊन, राजपत्रात छापून चालू आहे. २०२५ मध्ये अचानक काही सुरू झालेले नाही.

आणि हे सगळे एकट्या फ्लँडर्सने मागितले असेही नाही. लेखात वॉलोनिया म्हणजे केंद्राला चिकटून बसलेला गरीब भाऊ असे चित्र आहे. १९६०-६१ च्या हिवाळ्यात वॉलोनियात जो प्रचंड संप झाला, त्याचे पुढारी आंद्रे रेनार यांनीच संघराज्याची मागणी जोराने पुढे रेटली. लीज आणि शार्लरुआच्या कोळशाला आणि पोलादाला उतरती कळा लागली होती आणि आपल्या उद्योगांचे निर्णय आपल्या हाती हवेत असे तिथल्या कामगारांना वाटत होते. फ्लँडर्सला भाषा सांभाळायची होती, वॉलोनियाला रोजगार. दोघांनी वेगवेगळ्या कारणांसाठी एकच दार उघडले.

आता बार्ट डे वेव्हर यांच्याकडे येते. २००५ च्या जानेवारीत हेच गृहस्थ खोट्या नोटा भरलेले ट्रक घेऊन वॉलोनियातल्या स्ट्रेपी-तियूच्या जहाज-उचल यंत्राशी गेले होते. फ्लँडर्सचा किती पैसा दक्षिणेकडे वाहतो ते दाखवायला. वॉलोनियातली माझी मैत्रीण ते ट्रक आजही विसरलेली नाही. पुढे ते अँटवर्पचे महापौरही झाले, पण त्याआधी २०१० मध्ये त्यांचा पक्ष देशात सर्वांत मोठा ठरला आणि सरकार बनायला ५४१ दिवस लागले. लोकांनी दाढी न करण्याची प्रतिज्ञा केली, विद्यार्थ्यांनी बटाट्याचे तळलेले काप वाटून निदर्शने केली. गाड्या वेळेवर धावत होत्या, पगार होत होते. मला त्या काळात सर्वांत जास्त धक्का बसला तो याचा, की सरकार नसल्याची उणीव भासत नव्हती. केंद्राकडे उरलेच किती थोडे आहे, ते तेव्हा कळले.

९ जून २०२४ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला १५० पैकी २४ जागा मिळाल्या. त्यांच्याहून कडव्या अशा फ्लाम्स बेलांग या पक्षाला २०. पाच पक्षांची मोट बांधायला जवळजवळ आठ महिने गेले आणि ३ फेब्रुवारी २०२५ रोजी डे वेव्हर यांनी राजे फिलिप यांच्यासमोर शपथ घेतली. स्वतंत्र फ्लँडर्सचे प्रजासत्ताक मागणारा माणूस, राजाशी एकनिष्ठ राहीन म्हणाला. लेखकाला यात विश्वासघात दिसतो किंवा कावा दिसतो. मला यंत्रणा दिसते. मंत्रिमंडळात पंतप्रधान सोडून डच आणि फ्रेंच मंत्र्यांची संख्या समान असावी लागते. भाषेचा किंवा सत्तावाटपाचा मोठा कायदा करायचा तर संसदेत एकूण दोनतृतीयांश मते हवीत आणि शिवाय दोन्ही भाषागटांत स्वतंत्र बहुमत हवे. एखाद्या भाषागटाच्या तीनचतुर्थांश सदस्यांनी हरकत घेतली तर विधेयक थांबते. अशा खुर्चीत बसून देश मोडायचा म्हटला तरी फ्रेंच भाषकांची सही लागते. तेव्हा डे वेव्हर निवृत्तिवेतन, बेकारभत्ता आणि अंदाजपत्रकातली तूट यांवर लढत बसले आहेत. संप होतात ते या कारणांसाठी, फ्लँडर्ससाठी नव्हे.

२०२५ च्या डिसेंबरमध्ये तर गंमतच झाली. ब्रुसेल्समधल्या युरोक्लिअर या संस्थेत गोठवलेला रशियाचा पैसा युक्रेनच्या कर्जासाठी वापरावा असा युरोपीय संघातल्या बड्यांचा आग्रह होता. धोका उद्या बेल्जियमच्या गळ्यात पडेल म्हणून डे वेव्हर अडून बसले. शेवटी संघाने स्वतः ९० अब्ज युरो कर्जाने उभारायचे ठरवले. ट्रक न विसरलेल्या माझ्या नामूरच्या मैत्रिणीने त्या रात्री फोन केला. म्हणाली, हा माणूस पहिल्यांदाच आपल्या पंतप्रधानासारखा वागला. मग लगेच पुढे, पण मत देणार नाही हं. मी म्हटले, तुला विचारलेय कुणी?

मला या व्यवस्थेत खरोखर सलते ते इथेच, आणि लेखात नेमका त्याचाच उल्लेख नाही. मतदारसंघ प्रांतांचे आहेत, दहा प्रांत आणि अकरावे ब्रुसेल्स. पंतप्रधान एकाच मतदारसंघातून निवडून येतो हे अनेक देशांत खरे आहे. पण तिथे त्याचा पक्ष सगळीकडे उभा असतो, रागावलेला मतदार त्याच्या उमेदवाराला पाडू शकतो. इथे नामूरच्या बाईला बेकारभत्त्याच्या कपातीचा राग आला तर तो काढायचा कुणावर? डे वेव्हर यांच्या पक्षाने २०२४ मध्ये वॉलोनियात याद्या उभ्या केल्या होत्या, पण मते इतकी थोडी पडली की त्या केल्या-न केल्या सारख्याच. व्हिलव्होर्डेहून मलाही फ्रेंच समाजवाद्यांना धडा शिकवता येत नाही किंवा शाबासकी देता येत नाही, त्यांनी दशकानुदशके केंद्रात मंत्रिपदे भोगली तरी. दोन्ही भाषांच्या याद्यांतून निवड करता येते ती ब्रुसेल्समध्ये आणि भोवतालच्या, भाषिक सवलती असलेल्या सहा गावांत. बाकी देश दोन वेगळ्या निवडणुका लढतो आणि मग निकाल एकत्र शिवतो.

त्यामुळे पुढाऱ्याला पलीकडच्या मतदाराशी गोड बोलायचे कारणच उरत नाही. पलीकडच्यांना शिव्या दिल्या तर इकडची मते वाढतात, कमी काही होत नाही. वर्तमानपत्रे वेगळी, दूरचित्रवाणी वेगळी. १३ डिसेंबर २००६ च्या रात्री इथल्या फ्रेंच भाषेतल्या सरकारी वाहिनीने फ्लँडर्सने स्वातंत्र्य जाहीर केल्याची बनावट बातमी दाखवली. राजा देश सोडून गेला वगैरे. फ्रेंच घरांत हलकल्लोळ उडाला. आमच्या गल्लीत दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्याच जणांना पत्ता नव्हता, कारण ती वाहिनी इकडे बघतो कोण! मला सकाळी प्रयोगशाळेत कळले, लीजहून आलेल्या सहकारिणीच्या सुजलेल्या डोळ्यांवरून. देश बुडाल्याची बातमी निम्म्या देशाने ऐकलीच नाही.

यावर उपाय सुचवलेला आहे, नवा नाही. दोन्हीकडच्या विद्यापीठांतल्या अभ्यासकांच्या पाव्हिया गटाने २००७ मध्ये प्रस्ताव मांडला की १५० पैकी १५ जागा देशभराच्या एकाच मतदारसंघातून भरा. मग पंतप्रधान होऊ पाहणाऱ्याला आर्लोंपासून ऑस्टेंडपर्यंत मते मागत फिरावे लागेल, दोन्ही भाषांत. हा प्रस्ताव येतो, चर्चा होते, फाइलीत जातो. डे वेव्हर यांच्या पक्षाचा त्याला विरोध आहे, आणि त्यांच्या बाजूने बघता तो रास्तच म्हणायला हवा, कारण असा मतदारसंघ झाला तर देशभराचे लोकमत नावाची वस्तू तयार होईल. फ्रेंच पक्षही तोंडाने हो म्हणतात आणि हात आखडता घेतात.

‘बेल्जियन म्हणजे कोण’ या प्रश्नावर लेखकाने बराच ऊहापोह केला आहे. कायद्याचे उत्तर सोपे आहे. २०१३ पासून नागरिकत्वासाठी तीन अधिकृत भाषांपैकी कोणतीही एक बेताची यावी लागते. राहत्या गावाची भाषा यायला हवी असे नाही. गेंटला राहून फ्रेंचच्या प्रमाणपत्रावर बेल्जियन होता येते. आणि त्याच गेंटमध्ये बाहेरून आलेल्या अनेकांना फ्लँडर्सचे सरकार डचचा वर्ग सक्तीने लावते. देशाला तुम्ही चालता, प्रदेशाला शिकून या. सुट्ट्यांचेही तसेच. २१ जुलै राष्ट्रीय दिन, त्याच्या दहा दिवस आधी ११ जुलैला फ्लँडर्सचा, २७ सप्टेंबरला फ्रेंच समुदायाचा, १५ नोव्हेंबरला जर्मन समुदायाचा. व्हिलव्होर्डेत ११ जुलैला पिवळे-काळे झेंडे दिसतात. तिरंगी झेंडे खिडक्यांतून लटकतात ते फुटबॉलचा विश्वचषक असेल तेव्हा.

ब्रुसेल्सबद्दल दोन शब्द, कारण खरी अडचण तिथे साचली आहे. भावकीची वाटणी झाली की शेवटी सामाईक विहीर उरते, तसे ते शहर उरले आहे. दोघांनाही सोडवत नाही. तिथल्या प्रादेशिक संसदेत ८९ सदस्य, त्यांत १७ डच भाषकांसाठी राखीव, आणि सरकारला दोन्ही गटांत बहुमत हवे. जून २०२४ च्या निवडणुकीनंतर वर्ष उलटून गेले तरी तिथे सरकार बनले नव्हते, कारण डे वेव्हर यांच्या पक्षासोबत बसायला फ्रेंच समाजवादी तयार नव्हते आणि डच गटाचे गणित त्यांच्याशिवाय जुळवायला डच पक्ष राजी नव्हते. स्वयंसेवी संस्थांचे अनुदान लटकले, शहराचे कर्ज वाढत गेले. आणि गंमत अशी की त्या शहराच्या रस्त्यांवर आता अरबी, पोर्तुगीज, तुर्की, लिंगाला, इंग्रजी सगळे ऐकू येते. मी रक्ताचे नमुने घेताना चार भाषांत ‘मूठ घट्ट करा’ म्हणायला शिकले, त्यातल्या दोनच भाषांचा भत्ता मिळे. ज्या दोन गटांच्या समतोलावर त्या शहराची घटना उभी आहे त्या दोन्हींत न बसणारे लोक रोज वाढत आहेत, आणि त्यांनाही मत देताना आधी एक गट निवडावा लागतो. पुढचा फेरबदल जेव्हा होईल तेव्हा तो या लोकांमुळे होईल असे मला वाटते, डे वेव्हर यांच्यामुळे नाही.

आपल्याकडच्या भाषावादाशी लेखाच्या शेवटी जी तुलना केली आहे तिच्यात मी पडत नाही.

दोन दुरुस्त्या मात्र छापाव्यात ही विनंती. एक, देशाला ‘दोन भाषांचा’ म्हणताना जर्मन राहून गेली. ऑयपेन आणि सांक्ट फीटच्या परिसरातल्या नऊ नगरपालिका पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून इकडे आल्या. तिथल्या ऐंशी हजारांच्या आत-बाहेर लोकवस्तीला स्वतःची २५ सदस्यांची संसद आहे, आणि माझ्या ओळखीतले सर्वांत समाधानी बेल्जियन तेच. दुसरी दुरुस्ती नकाशाची. लेखासोबतच्या नकाशात ब्रुसेल्स वॉलोनियाला चिकटलेले दाखवले आहे. ते चारही बाजूंनी फ्लँडर्सने वेढलेले आहे. दक्षिणेला सिंट-जेनेसियस-रोडे नावाची एक नगरपालिका मध्ये येते, काही किलोमीटर रुंदीची. तिथे फ्रेंच बोलणारे बहुसंख्य आहेत पण जमीन फ्लँडर्सची आहे, आणि वाटणीच्या प्रत्येक चर्चेत तेवढ्या पट्टीवर येऊन गाडे अडते.

आपली,
एक वाचक
व्हिलव्होर्डे, बेल्जियम